अंगणातलं मीठ

संध्याकाळचे सहा वाजले की तुळसाबाई चहाचा कप बाजूला ठेवत आणि ठाण्यात, बाळकुमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात बसून मोबाइलमध्ये कॅनडातलं अंगण बघत. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असत. मुलगा प्रितम आणि सून कल्पिता यांनी दारावर कॅमेरा बसवला होता, तो पार्सलं चोरीला जाऊ नयेत म्हणून. त्याचं ॲप आईच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं, ही मात्र त्यांचीच चूक होती.

त्या सोमवारी तुळसाबाईंना कॅमेऱ्यात लाल टोपी दिसली. शेजारच्या घरातला उंच म्हातारा. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि बगलेतल्या पिशवीतले पांढरे खडे मुठीमुठीने प्रितमच्या दारासमोर फेकायला सुरुवात केली. गाडी लावायच्या उतारावर फेकत फेकत तो थेट गुलाबापाशी पोचला.

"अवो, इकरं या!"

राघोशेठ पेपरमधून बाहेर आले. "काय झालं?"

"यो मानूस आपल्या गुलाबाला मीठ घालतंय!"

गुलाब तुळसाबाईंचा होता. उन्हाळ्यात तिकडे गेल्या तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या हाताने लावला होता. आता थंडीत तो गोणपाट गुंडाळून उभा होता. आणि मिठाबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वडिलांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. खाऱ्या जमिनीत गवताची काडीसुद्धा धरत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं.

"बर्फ वितळायला टाकत असंल," राघोशेठ म्हणाले. "तिकरं टाकतात."

"मंग चोरासारका इकरं-तिकरं बगतंय कशाला?"

राघोशेठ पुन्हा पेपरात शिरले.

प्रितमनेही फोनवर तेच सांगितलं. "आई, तो उतार दोन्ही घरांचा कॉमन आहे. चांगले आहेत ते."

"किती चांगले?"

"म्हणजे... हाय-हॅलो आहे."

एवढ्यावर तुळसाबाईंचं समाधान होणं शक्य नव्हतं. मंगळवारी टोपीवाला गुलाबाच्या बुंध्याशी वाकला आणि त्याने गोणपाट बोटाने दाबून पाहिलं. बुधवारी तर चक्क मोबाइलवर फोटो काढले.

"मेला का नाय, ते तपासतंय," तुळसाबाईंनी निकाल दिला.

गुरुवारी कल्पिता घरून काम करत होती. टोपीवाला खडे टाकून आत गेला आणि तिचा फोन वाजला.

"कल्पिता, बाहेर जा नि एक खडा जिभेला लावून बघ."

"आई! तिथे कुत्री फिरतात."

"मंग धुऊन टाक. दोन बादल्या गरम पानी मार. मीठ मुळाशी उतरलं की झाड गेलंच."

"इथे बाहेर कोणी पाणी नाही मारत, आई."

"म्हनून तर असले शेजारी निपजतात."

कल्पिताचा तिकडचा हा पहिलाच हिवाळा. शिवाय नऊला मीटिंग होती आणि सासूशी वाद घालण्यापेक्षा दोन बादल्या ओतणं सोपं होतं. तिने ओतल्या. खडे वाहून गेले. तुळसाबाईंनी निवलेला चहा पुन्हा गरम केला आणि समाधानाने संपवला. तिकडे उतारावरचं पाणी गुपचूप गोठत होतं, ते कॅमेऱ्यात दिसण्यासारखं नव्हतं.

तिकडच्या सव्वाआठला प्रितम डबा घेऊन बाहेर पडला. त्याने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकायची गरजच उरली नाही. तो बसला, मग आडवा झाला आणि डबा छातीशी धरून, पाय पुढे करून, थेट गाडीच्या चाकापर्यंत गेला.

"डबा नाय सोडला," राघोशेठ कौतुकाने म्हणाले.

तेवढ्यात खड्यांची पिशवी बगलेत धरून लाल टोपी धावत आली. म्हाताऱ्याने जपून जपून पावलं टाकली, वाकून प्रितमला हात दिला, आणि तुळसाबाईंनी ॲपमधलं माइकचं बटण दाबलं.

"ए टोपीवाल्या! हात नको लावू माज्या पोराला!"

दारातून आलेल्या त्या गर्जनेने म्हातारा जागच्या जागी उडाला आणि प्रितमच्या शेजारी पाठीवर उतरला. पिशवी फाटली. सगळे खडे गुलाबावर बरसले.

"बगा! शेवटी डाव साधलाच!"

तासाभराने प्रितमचा फोन आला. तो कमरेला शेक घेत होता.

"आई, ते मीठ नाहीये. झाडांना अपाय न करणारं वेगळं औषध असतं, महागाचं. त्यांनी खास तुझ्या गुलाबासाठी आणलेलं. तू लावताना त्यांनी पाहिलेलं ना उन्हाळ्यात. गोणपाट कसं बांधलंय त्याचे फोटो काढत होते, स्वतःच्या झाडांना बांधायला."

"मंग चोरासारका बगायचा कशाला?"

"समोर रस्ता आहे, आई! गाडी येतेय का ते बघत होते!"

"लागलं काय रे त्याला?"

"कोपर सुजलंय. पण ते सारखं विचारत होते, पाणी कोणी ओतलं आणि दारातून कोण ओरडलं."

"तू काय सांगितलंस?"

"दरवाजा बिघडलाय म्हणालो."

तुळसाबाईंनी कल्पिताला शिरा करायला सांगितला, वर भरपूर काजू घालायला सांगितले आणि तो डब्यात भरून तिलाच शेजारी नेऊन द्यायला लावला. मनावरचं ओझं जरा उतरलं.

शुक्रवारी सहा वाजता त्यांनी मोबाइल उघडला. गुलाब जागेवर होता. उतारापलीकडे स्वतःच्या घराच्या भिंतीला शिडी लावून लाल टोपीवाला, एक हात गळ्यात अडकवलेला असताना, दुसऱ्या हाताने काहीतरी पिळत होता. तो बाजूला झाला. भिंतीवर एक कोरा करकरीत कॅमेरा होता आणि त्याचं तोंड बरोबर प्रितमच्या दाराकडे होतं.

तुळसाबाई बराच वेळ त्या काचेच्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "किती संशयी मानूस हाय यो!"