काकांचा मामा झाला

"या वेळी पुस्तकात एक जरी चूक सापडली ना, तर लिहिणं सोडून देईन!" स्वयंभूने छापखान्याच्या काउंटरवर हात आपटून सांगितलं. छापखानेवाला नुसता हसला. स्वयंभूची आधीची तीन पुस्तकं त्यानेच छापली होती.

स्वयंभू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या मित्रांनी ठेवलेलं. कारण आपलं पुस्तक हा माणूस आपणच लिहायचा, आपणच टाइप करायचा, आपणच तपासायचा, मुखपृष्ठ आपणच रंगवायचा आणि शेवटी पिशव्या खांद्याला लावून कुरिअरवाल्याच्या रांगेत आपणच उभा राहायचा. प्रकाशनसंस्थेचं मुख्य कार्यालय होतं जेवणाच्या टेबलावर. ताटं घ्यायची वेळ झाली की बायको ओरडायची, "उचला हो तुमची संस्था!" मग संस्था अर्धा तास पलंगावर जायची.

चौथं पुस्तक म्हणजे कादंबरी होती. कौटुंबिक! तिच्यात एक दुष्ट काका होता. तो शिट्टी वाजवत घोरायचा, कवळी काढून बशीत ठेवायचा, पुतण्याची पत्रं चोरून वाचायचा आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडायचा. हे पात्र स्वयंभूला कुठून सुचलं, हे घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. शिट्टी आणि बशी दोन्ही सख्ख्या काकांच्या घरी रोज बघायला मिळायची.

मसुदा छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकांचाच फोन आला.

"ऐकलं मी. पुस्तक काढतोयस म्हणे! आमच्या ज्येष्ठ मंडळाचा हॉल तुला दिला. रविवारी सकाळी दहा वाजता. अध्यक्ष मी!"

"काका, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला? नुसतं भाषण नाही ठोकणार. पुस्तकातलं एखादं पान उघडून स्वतः वाचून दाखवणार!"

स्वयंभूने फोन ठेवला. आधी त्याने घाईघाईने अर्पणपत्रिका लिहिली: 'ज्यांच्या खांद्यावर बसून मी जग पाहिलं त्या ती. काकांस.' पण नुसत्या अर्पणाने काय होणार? आत शंभर ठिकाणी कवळी होती!

मग त्याला युक्ती सुचली. काकाचा मामा करून टाकायचा! त्याचे खरे मामा आजन्म ब्रह्मचारी, दूरच्या गावी राहणारे, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपलीकडे काही न वाचणारे. त्यांना कोण सांगायला जातंय? त्याने कॉम्प्युटरला हुकूम दिला: जिथे जिथे 'काका', तिथे तिथे 'मामा'. बटण दाबलं. पापणी लवायच्या आत चारशे बारा बदल झाले. स्वयंभूने स्वतःचीच पाठ थोपटली, हात पोचला तिथपर्यंत, आणि मजकूर तसाच छापखान्यात धाडला.

शनिवारी दुपारी दोनशे प्रती घरी आल्या तेव्हा तो जुनी पुस्तकं घेऊन कुरिअरच्या रांगेत होता. परतला तर बायको दारातच उभी. चेहरा खुललेला.

"अहो, किती चांगलं केलंत! मामांना पुस्तक अर्पण केलंत! मी लगेच फोन करून कळवलं त्यांना."

"कुणाला?"

"मामांना! ढसाढसा रडले हो. म्हणाले, माझ्या खांद्यावर तर तो एकदाच बसला होता, तेही पडला होता, पण पोराने लक्षात ठेवलं! निघालेत ते. उद्या सकाळी थेट हॉलवर येतायत."

स्वयंभूने पुस्तक उघडलं. अर्पणपत्रिकेत ठसठशीत अक्षरं: 'ती. मामांस.' त्याने पान उलटलं. प्रस्तावनेत त्याने सगळ्या टीकाकारांना आव्हान दिलं होतं. तिथे छापलं होतं: 'या देशातल्या टीमामारांना मी भीक घालत नाही. टीमामार येतील आणि जातील!' ढेकणांवर फवारायचं औषध असावं तसा तो शब्द दिसत होता. कॉम्प्युटरने टीकाकारांच्या पोटातलासुद्धा 'काका' हुडकून काढला होता!

"टीमामार म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"नवा शब्द आहे," स्वयंभू म्हणाला आणि खुर्चीत बसला.

टीमामारांचं जाऊ दे, अर्पणपत्रिका तरी वाचवली पाहिजे! काका आणि मामांचं एकमेकांशी आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य. त्याने 'ती. काका आणि ती. मामा यांस' अशा दोनशे चिठ्ठ्या छापल्या आणि दोघं नवरा-बायको दिवे लागेपर्यंत डिंक लावत बसले. शेवटची चिठ्ठी चिकटवून स्वयंभू म्हणाला, "झालं! आता कुणाची हरकत असायचं कारण नाही."

रविवारी हॉल भरला. मंडळाचे सभासद तसेही दर रविवारी येतच असत. मामा बॅगेसकट आले. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, काकूंच्या शेजारची. काकू सरकून बसल्या, मामांनी बॅग मांडीवर घेतली.

काका माइकसमोर उभे राहिले. माइक हातात आला की काका दहा वर्षांनी तरुण दिसत. अर्पणपत्रिका वाचून त्यांनी दोन्ही नावांवर आलटून पालटून बोट ठेवलं, आपलं पहिलं आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "आता मी सहज एक पान उघडतो."

त्यांनी सहज उघडलं ते पान होतं एकशे सात.

"'मामांनी इकडे तिकडे पाहिलं,'" काका खणखणीत आवाजात वाचू लागले. "'घरात सामसूम होती. ते चोरपावलांनी काकूंच्या खोलीत शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.'"

स्वयंभूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कॉम्प्युटरला त्याने काका बदलायला सांगितलं होतं. काकूंबद्दल कोण बोललं होतं? काकू होत्या तिथेच राहिल्या होत्या, सबंध कादंबरीभर, मामांबरोबर!

काकांनी चष्मा पुसला. पुढे काहीतरी खुलासा असेल या आशेने ते वाचत गेले. "'काकू लटक्या रागाने म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, आता तरी ही सवय सोडा! मामा म्हणाले, जीव गेला तरी सोडणार नाही!'"

फाडकन पुस्तक मिटलं. पुढच्याच ओळीत मामा पलंगाखालून बिस्किटांचा डबा काढणार होते, कारण डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. पण तिथपर्यंत कोण पोचतंय!

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम पहिल्या रांगेकडे वळल्या. मामा ताडकन उठले. बॅग पडली.

"मी आत्ताच आलोय! मला यातलं काहीसुद्धा माहीत नाही!"

"इतकी वर्षं म्हणजे किती वर्षं?" काका माइकमधूनच गरजले.

"अहो, मी ब्रह्मचारी माणूस!"

"तेच तर!" मागून कुणीतरी म्हणालं.

 काकूंनी पर्समधून चष्मा काढला, शेजारच्या बाईंच्या हातातली प्रत घेतली आणि पान एकशे सात शोधू लागल्या.

स्वयंभू धावत व्यासपीठावर चढला. "काका, ऐका! ते मामा म्हणजे मामा नाहीत! ते मामा म्हणजे तुम्हीच आहात!"

"मी?"

"आधी काकाच होता. मी बदलला!"

काकांनी पुस्तक पुन्हा उघडलं. चार पानं मागे गेले, सहा पानं पुढे आले. ओठ हलत होते. शिट्टी आली, बशी आली, चोरलेली पत्रं आली. त्यांचा चेहरा दोडक्यासारखा लांब झाला.

"म्हणजे हा लबाड, घोरणारा, कवळीवाला म्हातारा मी?"

स्वयंभूने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते त्यालाच कळलं नाही.

आता काकांची मोठी पंचाईत झाली. तो माणूस मी नव्हे म्हणावं, तर काकूंच्या खोलीला कडी लावणारा दुसराच कोणी ठरतो. मीच म्हणावं, तर कवळी आणि पत्रं गळ्यात पडतात. समोर मंडळाचे सगळे सभासद, मध्ये मामा, आणि एक बोट पानावर ठेवून वर बघणाऱ्या काकू.

काकांनी माइक घट्ट धरला. छाती पुढे काढली.

"सभ्य स्त्री-पुरुषहो! खोली माझी, बायको माझी, आणि कडी लावली ती मीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी सर्वांत जोरात वाजवल्या. "आणि पत्रंही मीच चोरली," काका जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पण ते जाऊ द्या."

चहा गार व्हायच्या आत टेबलावरची एकूण एक प्रत संपली. घेणारा प्रत्येक जण आधी पान एकशे सात काढून बघत होता.

चार दिवस स्वयंभू शुद्धिपत्र तयार करत होता. चारशे बारा ओळींचं शुद्धिपत्र पुस्तकापेक्षा जाड व्हायला लागलं होतं. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. त्याने उठून उभं राहूनच घेतला.

"काकू, मी क्षमा मागायला येणारच होतो. शुद्धिपत्र काढतोय..."

"खबरदार काढलंस तर! आणखी आठ प्रती पाठव. माझ्या फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना हव्यात." काकूंचा आवाज एकदम हळू झाला. "अरे, लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. चारचौघांत 'बायको माझी' असं एवढं मोठ्याने हे कधी बोलले नव्हते. रोज सकाळी माझी पिशवी धरतात आता. तुझ्या मामांचं नाव निघालं की तर दोन्ही हातांनी धरतात!"

स्वयंभूने तळहातावर 'आठ प्रती' असं लिहून घेतलं.

"बाकीचं पुस्तक ठीकच आहे," काकू म्हणाल्या, "जरा लांबलंय. पण ती मामा-काकूंची भानगड म्हणजे कमाल! कशी सुचली रे तुला?"

तीन पुस्तकं आणि चौथं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. समोर बायको शुद्धिपत्राचे कागद हातात घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती. स्वयंभूने तिच्याकडे पाठ फिरवली आणि घसा खाकरला.

"सुचतं आपलं असं, काकू," तो म्हणाला. "लिहिता लिहिता."