गजभिये सरांचा खेकडा

गजभिये सर कुणाच्याही घरी गेले तरी बेल वाजवत नाहीत. दारासमोर नुसते उभे राहतात, तुम्हाला दार उघडायची बुद्धी होईपर्यंत. आमच्या हिने एकदा कचऱ्याची बादली घेऊन दार उघडलं आणि समोर सरांना पाहून ती बादली त्यांच्याच पायावर सोडली. सर शांतपणे म्हणाले, "काही नाही जी वहिनी, दचकला जीव की असंच होते. जरा विरजण पाहिजे होतं."

बेल वाजली की आतला जीव आक्रसतो आणि मग मोकळा व्हायला फार वेळ घेतो, असा त्यांचा सिद्धांत. माणसांना तो त्यांनी खेकड्यांवरून लावला होता.

बिबवेवाडीत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये सर राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी त्यांनी शेवंडीवर संशोधन सुरू केलं होतं. शेवंड म्हणजे खेकड्याच्याच नात्यातली, पण समुद्रात राहणारी आणि मोठ्या हॉटेलांत मान असलेली. हौशी मंडळी मजेखातर गळ टाकून, खडक उलथून गेली, की शेवंड कपारीतून पुन्हा कधी बाहेर येते, हा त्यांचा विषय. नोकरी, संसार, बायकोचं लांबलेलं आजारपण आणि मग तिचं जाणं, यात तो प्रबंध राहूनच गेला. "पुण्यात समुद्र नाही, म्हणून खेकडा," असं सर सांगत. पुण्यात समुद्र नसण्याला आम्ही पुणेकर जबाबदार आहोत, असं त्यांचं मत असावं.

दर रविवारी डबा, छत्री आणि वही घेऊन ते बसने खडकवासल्याला जात. धरणाच्या काठी चिखलातल्या एका बिळात एक दांडगा खेकडा होता. सर त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. बिळापासून दहा हातांवर मांडी घालायची, हलायचं नाही आणि मोठा कधी बाहेर येतो ते लिहायचं, एवढाच कार्यक्रम. अडचण फक्त आयटीतल्या तरुणांची. ते गाड्या घेऊन यायचे, महागड्या काठ्या लावून मासे पकडायचे, आणि मासे लागेनात की दोऱ्याला सुक्या बोंबलाचा तुकडा बांधून बिळांत सोडायचे. खेकडा बाहेर ओढायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

सर तावातावाने भांडायला जात.

"काका, आम्ही खात नाही हो. सोडून देतो," असं ते म्हणत.

"खाल्लं असतं तर समजलो असतो जी! भूक समजते मला. ही मजा नाही समजत!"

मोठ्याचं बीळ मात्र सरांनी जिवापाड जपलं होतं. कुणी त्या बाजूला आलं की सर सरळ बिळावर जाऊन बसत. संध्याकाळी चिखलाने माखलेली पँट घेऊन जिना चढत आणि त्या दिवशी वहीत त्रास देणाऱ्यांच्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहीत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण घरात अमित होता. अमित हा त्यांचा एकुलता एक मुलगा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. मंदी आली तेव्हा एका दुपारी कंपनीने पुष्कळ जणांना एका खोलीत बोलावलं आणि गळ्यातली ओळखपत्रं काढून घेतली. अमित घरी आला, आपल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं. त्याला आता चार महिने झाले होते. सर ताट दाराशी ठेवत आणि बाजूला होत.

मध्ये मीच शहाणपणा केला. न मागता सल्ला देणं हे माझ्या रक्तातच आहे. सर बाजारात गेलेले पाहून मी आमच्याकडे ठेवलेल्या त्यांच्या जादा किल्लीने आत शिरलो आणि अमितच्या दारावर थापा मारल्या. "अरे, असं कोंडून घेऊन कसं चालेल? बाहेर ये, बोलू आपण!" पुढचे कितीतरी दिवस ताटं न शिवता परत गेली. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या अपराधी भावनेनेच पुढच्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर खडकवासल्याला गेलो. तासभर बसलो. माझ्या पायांना मुंग्या आल्या. तेवढ्यात कंपनीचे टी-शर्ट घातलेले तिघे जण काठ्या घेऊन आले. आता सर भांडणार, म्हणून मी सावरून बसलो.

सर उठले. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक कागद काढला.

"तुमच्या कंपनीत भरती चालू आहे काय जी? माझ्या मुलाचा बायोडाटा आहे. लय हुशार आहे तो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी सरांना चांगलंच ओळखलं होतं. एक जण म्हणाला, "काका, सध्या भरती फ्रीझ आहे." आणि ते वळलेच.

"थांबा ना," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मोठा खेकडा पाहिजे का तुम्हाला? दाखवतो."

आणि त्यांनी बोट दाखवलं.

बोंबील आत गेला, दोरा ताणला, मोठा बाहेर आला. ओढाताणीत त्याची एक नांगी तुटून दोऱ्यालाच राहिली. फोटो निघाले. "सोडतो हां काका," म्हणत एकाने त्याला लांब पाण्यात भिरकावलं. मग चड्डीला हात पुसून बायोडाटा घेतला, चार घड्या घालून गळांच्या डब्यात ठेवला आणि म्हणाला, "एचआरला फॉरवर्ड करतो." सर हात जोडून उभे होते. मला तिकडे पाहवेना.

परतीच्या बसमध्ये धायरी आली तेव्हा ते म्हणाले, "अमितला यातलं काही सांगू नका, भाऊ."

"बायोडाट्याचं?"

"खेकड्याचं. दर रविवारी दाराआडून तेवढंच विचारते तो. बाकी आठवडाभर एक शब्द नाही."

आम्ही जिना चढलो. सरांनी कुलूप उघडलं, तसा आतून, बंद खोलीतून, घोगरा आवाज आला, "बाबा? आला का आज मोठा बाहेर?"

सर चप्पल काढता काढता थांबले.

"आला," ते म्हणाले. "आपल्या मनानंच आला बेटा. बराच वेळ ऊन खात बसला होता."