लॅपटॉपखालची चार लिंबं

श्रीकंठ कुठलाही निर्णय घाईनं घेत नसे. सावकाशही घेत नसे. मुळात घेतच नसे. आपला जुना काळा विंडोजवाला लॅपटॉप सोडून मॅक घ्यावा की न घ्यावा, यावर त्याचं दोन वर्षं चिंतन चाललं होतं. एवढ्या काळात माणूस घर बांधून वास्तुशांत करतो. श्रीकंठनं माहिती गोळा केली. मैसुरातल्या त्याच्या ऑफिसात ज्याला लॅपटॉप घ्यायचा असे, तो आधी श्रीकंठला विचारी आणि मग न घेताच घरी जाई.

यंदा मात्र त्यानं कॅन्टीनमध्ये इडली हातात धरून जाहीर केलं, "आयुधपूजेच्या आत निकाल. त्यापुढे एक दिवसही नाही."

"कुठल्या सालच्या आयुधपूजेच्या?" शशिधरनं विचारलं. शशिधर त्याचा साहेब. त्याच्याकडे मॅक होता आणि ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, कारण तो रोज सांगत असे. "अरे, एकदा हा वापरलास की मागे वळून बघणार नाहीस. एवढी धाकधूक आहे तर सणाच्या सुट्टीत माझा घरी ने. फक्त डाग पडता कामा नये. बोटाचा ठसा उमटला तरी मला कळतो."

श्रीकंठनं मॅक तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून रिक्षानं घरी नेला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हाच घ्यावा. दुसऱ्या दिवशी वाटलं, जुनाच बरा. प्रगती म्हणायची, एरवी मत बदलायला त्याला महिना लागे.

आयुधपूजेच्या, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या सकाळी तो मॅक लपवायला जागा शोधू लागला. वडील शिवण्णा निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्या दिवशी घरातली सुरी, मिक्सर, इस्त्री, स्कूटर, एकूण एक यंत्र धुऊनपुसून पूजेला बसे आणि शिवण्णांच्या कुंकवातून काही सुटत नसे. श्रीकंठनं मॅक बायकोच्या कपाटात रेशमी साड्यांच्या घडीत खुपसला.

"शैलजा, हा अप्पांच्या नजरेला पडू देऊ नकोस. कुंकू लावतील."

"लावू देत की. तुम्हालाही लावतातच, तुम्ही कुठे बिघडलात?"

"अगं, तो साहेबांचा आहे."

एवढं बजावून तो केळीचे खुंट, कोहळा आणि चुरमुरे आणायला देवराज मार्केटात गेला. त्या दिवशी तिथे मुंगीलाही शिरायला जागा नसते. तो तासाभरानं कोहळा खांद्यावर घेऊन परतला आणि उंबऱ्यातच थबकला.

सगळ्या यंत्रांच्या पुढे, स्कूटरच्याही पुढे, पाटावर मॅक बसला होता. झाकणावर विभूतीचे तीन पट्टे, बरोबर मधोमध सफरचंदावर कुंकवाचा टिळा, वर झेंडूची माळ आणि खाली चेपलेली चार लिंबं.

"अम्मा, हे काय?"

"मी नेसायला शैलजाची रेशमी साडी काढत होते, तर हा सापडला," गौरम्मा कौतुकानं म्हणाल्या. "सगळ्यांना चकित करायला आणलास ना?"

"नवी गाडी घ्यायची आणि बापापासून लपवायची?" शिवण्णा गरजले. "ती पण साड्यांत?"

"अप्पा, तो माझ्या साहेबांचा आहे."

"बायकोला एवढं घाबरू नये रे. घेतला तर घेतला म्हणावं."

"पण लिंबं कशाला?"

"चाकाखाली लिंबू नको? उभ्या नोकरीत दसऱ्याला लिंबू चिरडल्याशिवाय डेपोतून गाडी काढली नाही मी. एक अपघात नाही."

"याला चाकं कुठे आहेत?"

"खाली चार रबरी पाय आहेत की. मी बघितले. पण लिंबं काही फुटेनात. मग जरा वजन टाकलं."

"कशाचं वजन?"

"माझंच," शिवण्णा म्हणाले. "आणि बॉनेट उघडून आत इंजिनालाही कुंकू लावलंय. एक बटण सोडलं नाही."

श्रीकंठ भिजलेलं फडकं घेऊन धावला, पण शिवण्णा पाटासमोर खुर्ची टाकूनच बसले. आयुधांची विश्रांती, उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. जुना काळा लॅपटॉप तर त्यांनी पलंगाखाली सरकवला होता. नवी गाडी आल्यावर भंगाराला कसलं कुंकू? श्रीकंठला रडू येत होतं. दोन वर्षांच्या अभ्यासात त्यानं लॅपटॉपबद्दल सगळं वाचलं होतं, पण लिंबाच्या रसाचं कुणीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फडकं हातात घेतो न घेतो, तोच दारात शशिधर.

"जंबू सवारीचे हत्ती बघायला निघालो होतो. म्हटलं, वाटेत लॅपटॉप घेऊन—"

त्याला पाटावरचा मॅक दिसला. पाटाशी बसून त्यानं झाकण उघडलं. कुंकवानं माखलेली बटणं बघितली. एका पायाला चिकटलेली लिंबाची फोड सोडवली. श्रीकंठनं मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"या, या," गौरम्मा चुरमुरे घेऊन आल्या. "बघितलात? मुलानं नवा घेतला. काल पूजा झाली, आता वर्षभर कुणाला द्यायचा नाही."

शशिधरनं त्यांच्याकडे बघितलं, मॅककडे बघितलं आणि चक्क हात जोडले. "बरोबर आहे, अम्मा. पूजेला बसलेलं यंत्र कुणाच्या घरून न्यायचंच नाही."

मग श्रीकंठला जिन्याशी ओढून तो कुजबुजला, "तुझा काळा कुठेय?"

"पलंगाखाली."

"पूजा?"

"नाही झाली."

"झकास. तो मला दे आणि हा तुझा. व्यवहाराचं मागाहून बघू." त्याचा चेहरा उजळला होता. "तुला म्हणून सांगतो, तीन वर्षं झाली, माझा हातच बसला नाही रे याच्यावर. जुनाच बरा होता. पण कॅन्टीनमध्ये एवढं बोलून बसलो होतो, सोडणार कसा?"

आणि पायाशी लोळण घेणारं भाग्य उचलावं तसा तो पलंगाखालचा लॅपटॉप धूळ न झटकताच घेऊन गेला.

श्रीकंठचा निकाल असा आयुधपूजेच्या मुहूर्तावर, त्याला न विचारता लागला. मॅक चालतो; शिवण्णा म्हणतात, लिंबामुळेच चालतो. फक्त टाइप केलं की अजून बोटं लाल होतात, आणि हात अद्याप बसलेला नाही.

परवा कॅन्टीनमध्ये हिशेब विभागातल्या वरदराजांनी विचारलं, "काय श्रीकंठ, मीही बदलावा म्हणतो. कसा आहे तुमचा?"

श्रीकंठनं लाल बोटं इडलीच्या ताटलीखाली सरकवली. "अहो, एकदा वापरलात की मागे वळून बघणार नाही. हवा तर पुढच्या दसऱ्याला घरी न्या. फक्त डाग पडता कामा नये." मग त्यानं हळूच विचारलं, "तुमच्याकडे आयुधपूजा जोरात होते ना?"