गिताबाई फ्रेममधून हलत नाहीत

कोणतीही कलाकृती भर उजेडात पाहू नये. उजेडात माणसाला नको ते दिसतं आणि त्यात कलेचं नुकसान होतं. नवा डांबरी रस्ता, पसंतीला आलेला मुलगा आणि चौकातलं शिल्प या गोष्टी दिवस मावळल्यावर पाहाव्यात, म्हणजे पाहणारा आणि दाखवणारा दोघंही समाधानी राहतात.

न्हावऱ्याहून चौफुल्याकडं निघालं की भीमेच्या पुलाअलीकडं आमचं गाव लागतं. (नाव सांगत नाही. गावाला प्रसिद्धीची हाव नाही. त्यासाठी स्वतंत्र समिती आहे.) गावाच्या फाट्यावर ‘मेंढपाळ माता’ हे सिमेंटचं शिल्प उभं आहे. एक बाई, डोईवर पदर, काखेत कोकरू. आमच्याकडची निम्मी घरं पूर्वी मेंढरं घेऊन चालत कोकणात उतरायची. आता ती ऊस आणि कांदा करतात आणि कोकणात गेलीच तर रिसॉर्टवर उतरतात. त्या जुन्या कष्टांचा मान राहावा म्हणून हे शिल्प. मूर्तिकाराचा हात गणपतीत मुरलेला होता, त्यामुळे बाई जरा लंबोदर झाली. कोकराची शेपटी मात्र वर वळली आणि कान उभे राहिले. शाळेतली पोरं त्याला ‘मोत्या’ म्हणून हाक मारतात. पण हे दिवसा. अंधार पडला की ते पक्कं कोकरू असतं.

म्हणूनच पुण्यातल्या एका कलाप्रेमी मंडळानं ग्रामीण शिल्पांच्या छायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली आणि त्यात ‘फोटो सूर्यास्तानंतर, कमी प्रकाशात, फ्लॅश न वापरता काढावा’ अशी अट घातली, तेव्हा सरपंच प्रतिभाताईंनी ती अट दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली.

“आपल्या कोकरासाठीच घातल्यागत हाय ही अट,” त्या म्हणाल्या.

लगोलग ‘शिल्प छायाचित्रण व रचना सुधारणा समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष प्रतिभाताई. तांत्रिक सदस्य रविराज, कारण तळेगाव ढमढेऱ्यापासून पाटसपर्यंतच्या तमाम नवरा-नवरींना त्यानं लग्नाआधीच्या फोटोंसाठी उसाच्या फडातून हातात हात घालून पळवलेलं आहे. सचिव मी. मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरीच्या टेबलावरून, निवृत्त झालो. न घडलेल्या गोष्टींची व्यवस्थित नोंद ठेवण्याचा मला अनुभव आहे.

पहिल्या सभेत रविराजनं शास्त्र समजावलं. “कमी उजेडात कॅमेऱ्याचं शटर लई वेळ उघडं ठेवावं लागतं. तवा जे हलतं ते पुसलं जातं आन् जे बसून ऱ्हातं ते उमटतं.”

“म्हंजी पळापळ करणारा दिसत न्हाई आन् बसून ऱ्हाणारा दिसतो?” प्रतिभाताईंनी खात्री करून घेतली.

“व्हय, ताई.”

ताईंना कॅमेऱ्याचं शास्त्र तत्काळ पटलं. पंचायतीचा कारभार त्याच तत्त्वावर चालतो, हे त्यांनी आम्हाला आवर्जून सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी सूर्य बुडाला, आभाळ निळं पडलं, फाट्यावरचा दिवा लागला. (शिल्पाचे स्वतःचे दिवेही आहेत. ते उद्घाटनाला लागले होते.) रविराजनं ट्रायपॉड रोवला आणि शटर उघडलं. निकाल शास्त्राप्रमाणेच आला. उसाचे ट्रॅक्टर नाहीसे झाले, त्यांच्या जागी लाल रेघा राहिल्या. मोटारसायकली पुसल्या गेल्या. पुढं येऊन सूचना देणारी आमची समितीसुद्धा समूळ नष्ट झाली. स्पष्ट उमटल्या फक्त दोन आकृत्या. एक मेंढपाळ माता. दुसरी तिच्या पायाशी, चौथऱ्याच्या पायरीवर बसलेल्या गिताबाई.

गिताबाई जन्मभर मेंढरांमागं चालल्या. गुडघे गेले तशा थांबल्या. गावातला शेवटचा कळप आता त्यांचा मुलगा भिमा राखतो. रोज संध्याकाळी गिताबाई पायरीवर काठी घेऊन बसतात. कळप आला की उठतात, भर रस्त्यात उभ्या राहून काठी वर करतात आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गुमान थांबतात. मेंढरं पलीकडं गेली की त्याही घरी जातात. (फाट्यावर सिग्नल किंवा गतिरोधक नाही. गरज भासलेली नाही.) कळपाची वाट पाहताना त्या इतक्या निश्चल बसतात, की शिल्पापेक्षा त्याच जास्त रेखीव उमटल्या होत्या.

रचनेचा दोष गंभीर होता. रविराज म्हणाला, फोटोत काय हाय त्यापरास काय न्हाई यावर त्याची किंमत ठरते. मग आम्ही नको ते वगळायला लागलो. कॅमेरा डावीकडं नेला तर वाढदिवसाचा फ्लेक्स येई, उजवीकडं नेला तर परमिट रूम. खाली धरला तर उकिरडा, वर धरला तर विजेच्या तारा. फ्लेक्सवाल्यांना विनंती करणं जिवावर बेतलं असतं. परमिट रूमचे मालक समितीचे आश्रयदाते होते. उकिरड्याबाबत पंचायतीत दोन मतं होती. उरली एकच जागा, समोरून. तिथं अडथळा फक्त गिताबाईंचा होता आणि त्यांच्याबाबत दोन मतं नव्हती.

रविराज अदबीनं जवळ गेला. “आज्जी, तुम्ही जरा हलत ऱ्हावा की. हललात की तुम्ही दिसणार न्हाई.”

“मी दिसतीया त्याचा तुला तरास व्हतोय व्हय रं?”

“तसं न्हवं. मेंढपाळ माता उठून दिसाया पायजे.”

“आन् मग मी कोन हाय?”

(सदर प्रश्न पुढील सभेपुढं ठेवण्यात आला.)

“जलमभर चालले, तवा कुनी फोटू काढला न्हाई,” गिताबाई म्हणाल्या. “आता कुठं टेकले, तर हाला म्हनतासा.”

तरी मन मोठं करून त्यांनी एक हात हलवत ठेवला. फोटोत एका हाताच्या गिताबाई उमटल्या. समितीनं त्यांचे आभार मानले आणि हलणं थांबवायला सांगितलं.

शेवटी प्रतिभाताईंनी तोडगा काढला. गिताबाईंचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. स्थळ देवळाचा सभामंडप, वेळ दिवेलागण. म्हणजे त्या सन्मानपूर्वक फ्रेमबाहेर राहतील. भाषणाला उपसरपंच पोपट आप्पांना बोलवायचं, म्हणजे त्या लवकर परतणार नाहीत.

“सत्कार न्हाई केला तरी चालंल, बाय,” गिताबाई म्हणाल्या. “माझी मेंढरं येत्यात त्या वक्ताला.”

“आम्ही हाय की तिथं,” प्रतिभाताई म्हणाल्या. “आख्खी समिती हुबी हाय. तुमी निवांत शाल घ्या.”

गिताबाईंनी विश्वास ठेवला आणि काठी पायरीला टेकवून गेल्या. (काठी रविराजनं फ्रेममधून काढली.)

ती संध्याकाळ अप्रतिम होती. आभाळाचा निळा आणि दिव्याचा पिवळा रंग असे जुळून आले होते, की कोकरू आयुष्यात पहिल्यांदा कोकरासारखं दिसत होतं. समिती कॅमेऱ्यामागं ओळीनं उभी राहिली. देवळाकडून पोपट आप्पांचा आवाज लाउडस्पीकरवरून येत होता.

“आता कुनी हलू नका,” रविराज कुजबुजला. “जमीन हादरली तरी फोटो हालतो.” आणि त्यानं शटर उघडलं.

तेवढ्यात कळप आला. मेंढरं सवयीप्रमाणं रस्त्याच्या कडेला घुटमळली आणि नेहमीचं माणूस दिसेना म्हणून तशीच पुढं निघाली. न्हावऱ्याच्या बाजूनं मोठ्यानं गाणी लावलेला, दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर येत होता.

“रविराज! ताई! आडवा त्येला!” भिमा मागून ओरडला.

आम्ही सगळ्यांनी रविराजकडं पाहिलं. त्यानं हात वर करून खूण केली, हलू नका. समिती हलली नाही. कमी प्रकाशातल्या छायाचित्रणाला लागणारी शिस्त ग्रामीण भागात नसते असं जे म्हणतात, त्यांनी त्या संध्याकाळी फाट्यावर यायला हवं होतं.

ट्रॅक्टरनं फ्रेमच्या जरा अलीकडंच ब्रेक मारला. मेंढरं फुटली आणि शिल्पाभोवती गरागरा फिरायला लागली. एक कोकरू तेवढं चाकाशी राहिलं. तेव्हाच सत्कारमूर्ती देवळाकडून गेलेले गुडघे घेऊन धावत आल्या. पोपट आप्पा तिकडं त्यांच्या त्यागाबद्दल रिकाम्या खुर्चीला सांगत होते. गिताबाई मोकळे हात पसरून रस्त्यात उभ्या राहिल्या, मागचा दुसरा ट्रॅक्टर थांबवला, कळप पार केला. मग खाली बसून कोकराचा पाय सत्काराच्या शालीत बांधला आणि त्याला काखेत घेऊन घरी निघाल्या. जाताना त्यांनी समितीकडं एकदा पाहिलं. भिमा जे बोलला, ते इतिवृत्तात घेण्यासारखं नाही.

शटर मिटलं. एवढा वेळ धावपळ करत असल्यामुळं गिताबाई फोटोत कुठंही नव्हत्या. भिमाही नव्हता. सैरावैरा पळालेल्या मेंढरांचं मऊ, पांढरं धुकं झालं होतं आणि त्या धुक्यातून मेंढपाळ माता शांतपणे वर आली होती.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, ‘या छायाचित्रातलं वात्सल्य थक्क करतं. रचनेत अनावश्यक असं काहीही नाही.’ गावातल्या नव्वद टक्के लोकांच्या मोबाइलवर हा फोटो आहे. (उरलेल्या दहा टक्क्यांत गिताबाई येतात. त्यांच्याकडं मोबाइल नाही.) गिताबाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पायरीवर बसायला लागल्या. आता तिन्हीसांजेला पुण्याहून हौशी मंडळी कॅमेरे घेऊन येतात आणि फार सभ्यपणे विचारतात, “आजी, थोडं बाजूला होता का?”

“मेंढरं आली की हुते,” गिताबाई म्हणतात.

मला सचिव म्हणून रोज विचारणा होते. कॅमेरा कोणता होता, शटर किती वेळ उघडं ठेवलं, धुकं खरं होतं की मागाहून घातलं. सर्वांना मी उत्तरं देतो. तुम्हालाही फोटो पाहायची उत्सुकता लागली असेल, तर नंबर कळवा, पाठवतो.

कोकरू वाचलं. लंगडतं, पण वाचलं. तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहिलं होतं.