व्याह्यांच्या मापाची कमान

"व्याही उंटावर बसून आलं तरी फेट्याला धक्का लागणार न्हाय, असली कमान उभी करतो! बघच तू!" बारशाच्या आठ दिवस आधी भाऊसोंनी बायकोला, म्हणजे अंजनाबाईंना, ठणकावून सांगितलं. अंजनाबाई लसूण सोलत होत्या. "उंट कशाला? गाडीतनं खाली उतरलं तरी लई झालं," एवढंच त्या बोलल्या.

त्यांचंही बरोबर होतं. व्याही आकाराम म्हणजे शाहूवाडीकडचा सव्वासहा फुटी माणूस, फेटा बांधला की सात! तीन वर्षांपूर्वी लेकीच्या, साक्षीच्या, साखरपुड्याला याच दारात मांडवाचा आडवा बांबू खाडकन त्यांच्या कपाळाला लागला आणि फेटा जाऊन पडला भज्यांच्या परातीत. "जरा वाकून यायचं की पावणं," भाऊसो बोलून गेले. झालं! "आमी कुणाच्या दारात वाकत न्हाय!" म्हणून आकाराम जे जीपमध्ये जाऊन बसले, ते जेवायलासुद्धा उतरले नाहीत. त्यानंतर लग्न झालं ते शाहूवाडीला, दिवाळसण झाला तो जावयापुरता. हातकणंगल्याजवळच्या या घरात व्याह्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. आता नातीच्या बारशाला मात्र यायचं त्यांनी कबूल केलं होतं, तेही नातीसाठी, भाऊसोंसाठी नव्हे. शिवाय नाव ठेवणारी आत्या त्यांच्याच गाडीतून येणार होती. ते दारातून परत फिरले असते तर पोरगी बिननावाची राहिली असती!

बांबू या शब्दाचाच भाऊसोंनी धसका घेतला होता. म्हणून तर त्यांनी हेलियमच्या फुग्यांची कमान ठरवली. ना खांब, ना आडवी काठी. नुसते फुगे, आपल्याच जोरावर हवेत!

कोल्हापुरातून सजावटवाला धम्मपाल आला. शांत माणूस. त्यानं आधीच सांगितलं, "काका, ह्यो गॅस फुग्यातनं हळूहळू निघून जातोय. उन्हात तर लवकरच. पावणं यायच्या तासभर आधी फुगवूया."

"अरं, व्याही घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस हाय! नऊ म्हंजी नऊ! तू सातला फुगव!"

सकाळी सातला पाण्यानं भरलेल्या दोन घागरींना दोऱ्या बांधून कमान उभी राहिली. बारा फूट! गुलाबी, पांढरी, मधेमधे सोनेरी. भाऊसो स्वतः तिच्याखाली स्टुलावर उभे राहिले, डोक्यावर हात उंच केला, तरी वर जागा शिल्लक! धम्मपाल पुढच्या कामाला निघून गेला.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. भाऊसोंनी फोन लावला. "निघालोच की," आकाराम म्हणाले. दहाला लावला. "निघालोच म्हटलं न्हवं?" अकराला लावला. "अवं, पोचलोच!" पाठीमागून कुणीतरी "आई गं!" असं कण्हल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद.

साक्षीनं नवऱ्याला, राजवर्धनला, फोन केला. तो कुजबुजला, "आबा शेजारीच हायत. बोलू देईनात." आणि त्यानंही ठेवून दिला.

"रुसला!" भाऊसोंनी कपाळावर हात मारला. "अजून घरातनं निघाला न्हाय, तवरच रुसला!"

इकडं ऊन तापलं. फट्! एक फुगा फुटला. पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या शेजारच्या चिमणाबाई दचकून उठल्या. "आलं व्हय पावणं?" फट्! "आलं?" दर फुग्याला म्हातारी पदर सावरून उभी राहायची आणि शिव्या देत खाली बसायची. राहिलेले फुगे मलूल झाले. बाराला कमान भाऊसोंच्या नाकाला टेकली. भाऊसोंनी ती गार राहावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं, तर पाण्याच्या वजनानं ती आणखीच खाली आली. एक वाजता कंबरेला!

"मधे बांबूचा टेकू द्या की," अंजनाबाई म्हणाल्या.

"बांबूचं नाव काढू नगंस माझ्यापुढं!" भाऊसो कडाडले आणि हातात बादली घेऊन, गुडघ्यात डोकं घालून, आपल्याच कमानीखालून पलीकडं गेले. सगळी मंडळी फिदीफिदी हसली. साक्षीनं तर मोबाइलवर फोटोच काढला. पोटची पोरगी!

शेवटी धम्मपालला परत बोलावलं. बिचारा जेवणावरून उठून आला. "सांगितलंतं की न्हाय मी?" इतकंच म्हणाला आणि शंभर नवे फुगे फुगवून कमानीत ओवले. कमान अशी उसळली की पहिल्यापेक्षाही वर, चांगली पंधरा फुटांवर! भाऊसोंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात हॉर्न वाजला. हलगी कडाडली!

गाडीतून आधी तांदळाचं पोतं उतरलं. मग विहीणबाई. मग आत्या. मग बराच वेळ कोणीच नाही. आणि मग फेटा आला. पण आडवा! फेट्यामागून आकाराम आले, कंबरेत काटकोनात वाकलेले, नजर स्वतःच्या चपलांवर!

राजवर्धन सासऱ्यांच्या कानाशी लागला. "नातीच्या बारशाचं पोतं मीच उचलणार, म्हटलं आबा. पहाटं उचललं आणि कमरंत उसण भरली. दुपारपतूर चोळणाऱ्याकडं हुतो. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातलीती आम्हास्नी."

भाऊसो हात जोडून उभे. पंधरा फूट उंच कमानीखालून तीन फुटांचे आकाराम संथपणे चालत गेले, थेट उंबऱ्यापर्यंत. तिथं थांबले.

"पावणं, कमान कुठाय?"

"आत्ताच तर खालनं आलासा की!"

"कशाच्या खालनं? मला निस्ती रांगोळी दिसली. आणि तुमचं पाय." आवाज चढला. "आठ दिस फोनवर कमान, कमान! उसण भरलेली असताना मी कशासाठी आलोय? राजा, गाडी फिरव!"

आता काय करावं? माणूस वर बघू शकत नाही, तर कमान खाली आणावी! भाऊसो धावले आणि एका घागरीची दोरी सोडली. ती हातातून सटकली आणि कमान शेपटासारखी आभाळात उभी राहिली! दुसऱ्या घागरीपाशी अंजनाबाई होत्या. हलगी तर कानठळ्या बसवत होती.

"ही सोडू व्हय?" अंजनाबाई ओरडल्या.

"सोडू नगंस!"

"आं?"

"सोडू नगंस गं!"

"सोडली!"

कमान गेली. गुलाबी, पांढरी, सोनेरी, ऐटीत, जोतिबाच्या दिशेनं. सगळं गाव माना वर करून बोटं दाखवू लागलं.

"ती बघा पावणं, ती बघा! वर!"

"वर?" आकाराम जमिनीकडं बघत गरजले. "वर बघा म्हणून कुणाला सांगतासा? थट्टा करतासा व्हय?" ते गाडीकडं वळलेसुद्धा.

तेव्हा साक्षी मोबाइल घेऊन धावली. "आबा, थांबा! फोटो हाय माझ्याकडं!" भाऊसोंना वाटलं, सुटलो! मग आठवलं, कोणता फोटो ते. पण तोवर मोबाइल आकारामांच्या गुडघ्याजवळ पोचला होता, कारण त्यांचे डोळे तिथंच होते.

आकारामांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"ह्यो बादली घेऊन वाकून चाललाय, त्यो कोण?"

"मीच," भाऊसो पुटपुटले.

"तुमच्याच दारात?"

"व्हय."

आकारामांचे खांदे गदगदू लागले. हसताना उसण दुखायची, कळ आली की "आई गं" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. "चला, पाळण्याकडं चला! पोरीचं नाव ठेवायचं हाय न्हवं?" म्हणत स्वतःच उंबरा ओलांडून आत गेले. बारसं दणक्यात झालं. तीन वर्षांपूर्वी राहिलेल्या जेवणाची कसरसुद्धा त्यांनी भरून काढली. निघताना एकच मागितलं, "साक्षे, त्यो फोटू तेवढा पाठव मला."

व्याह्यांची कंबर आठ दिवसांत सरळ झाली. फोटो मात्र अजून त्यांच्या मोबाइलवर आहे. शाहूवाडीत कोणीही भेटलं की आकाराम तो आवर्जून दाखवतात आणि कौतुकानं सांगतात, "ह्ये आमचं व्याही. लई नम्र माणूस!"