सुभेदार नानांचा घरजावई

आमच्या उंब्रजमध्ये कुणी नवा कॉम्प्युटर घेतला, की तो आधी घरी जात नाही. सर्व्हिस रोडवरच्या सुभेदार नानांच्या दुकानात जातो, आणि नाना त्यातला घरजावई बाहेर काढतात.

घरजावई म्हणजे मशीनबरोबर आयता आलेला ब्राउझर, इंटरनेट बघायची खिडकी. कंपनी तो आतच बसवून देते आणि नानांचा सगळा राग त्याच्यावर. "घर आपण घ्यायचं," ते म्हणतात, "आन दार उघडलं तर आत कोणतरी आधीच पाय पसरून बसलेला! बरं, आलास तर गप बस. तर न्हाई. कोपऱ्यात बसून समदं ऐकतोय, समदं ध्यानात ठेवतोय."

नानांची सगळी नोकरी फौजेत वायरलेसवर गेली. अजूनही कुणी बोलायला लागलं की ते मान तिरकी करून, दूरचा आवाज पकडल्यासारखं ऐकतात. घरजावई काढायचा म्हणजे दुकानातला पंखा बंद. बोलायचं नाही, खोकायचं नाही. नाना पडद्यावर डोळे लावून काहीबाही दाबत राहतात आणि मग हळूच म्हणतात, "निघाला." हे असं म्हणतात की आम्ही सगळे दाराकडं वळून बघतो. एकदा तर मी अंग चोरून वाटही दिली.

गंमत म्हणजे तो परत येतो. चार दिवसांनी मशीन स्वतःला अपडेट करून घेतं आणि सकाळी बघावं तर घरजावई आपल्या जागेवर हजर. समोरच्या चहावाल्या संपतच्या मशीनमधून नानांनी तो काढला होता. एका सकाळी तो आपणहून उघडला आणि संपतला नावानं हाक मारून 'सुप्रभात' म्हणाला. संपतनं त्याच दिवशी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो, पण कॉम्प्युटर समोर आला की मी उगाचच इंजिनिअर होतो. नानांचं बघून घरी मीच घरजावई काढला. काढताना 'निघाला' असंही म्हणालो. बायकोनं विचारलं, "कोण?" मग शाळेचे गुण भरायला बसलो आणि लक्षात आलं की आता दुसरा ब्राउझर आणायचा, तर तो आणायलाही ब्राउझरच लागतो. लॅपटॉप काखेत मारून दुकान गाठलं.

नाना पोट धरून हसले. "वा मास्तर! दार उखडलं, आन आता नवं दार आणायला निघणार कुठनं?"

"म्हणूनच म्हणतो नाना," मी फणकाऱ्यानं म्हणालो, "कंपनीनं एक खिडकी आधी द्यायलाच पाहिजे. नाहीतर माणसानं पहिलं पाऊल टाकायचं कसं?"

"द्यावी की! पर इचारून द्यावी. आन जा म्हटलं की जावं." त्यांनी पेनड्राईव्ह लावला. बारा वाजायला आले होते. माझं काम उरकलं तसं त्यांनी शटर ओढलं आणि घराकडं निघाले. रोज बाराला दुकान बंद म्हणजे बंद, मग गिऱ्हाईक रडो की पडो.

ते दिसेनासे झाल्यावर संपत जवळ सरकला. "आवं मास्तर, नाना दुपारचं घरी कुणासंगं बोलत्यात?"

"एकटेच तर असतात."

"बाईसंगं बोलत्यात. परवा चहा घेऊन गेलो, तर आतनं म्हणत हुते, 'आता गुडघ्याचं इचारतीस व्हय? तवा का सांगितलं न्हाईस?' किटली उंबऱ्यावर ठिवली आन पळालो."

शेवंताकाकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, जाऊन वर्ष उलटलं होतं.

माझा भुतांवर विश्वास नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी रविवार साधून भर दुपारी नानांच्या घरी गेलो. चपला तेवढ्या बाहेर तोंड करून काढल्या, पळायला सोयीच्या.

घराला लागून ऊस. वारा पडलेला, आणि तरी उसात काहीतरी सळसळत होतं. दार नुसतं लोटलेलं. उन्हातून आत आल्यावर आधी काहीच दिसेना, मग स्वयंपाकघराच्या तोंडाशी पडद्याचा निळा उजेड दिसला. पडद्यासमोर खुर्ची होती, तिच्यावर विणलेली गादी, आणि खुर्ची रिकामी. नाना बाजूच्या स्टुलावर ताठ बसले होते. खुर्चीतल्या माणसाला धक्का लागू नये अशा बेतानं त्यांनी हात लांब केला आणि एकच अक्षर दाबलं. ग. पुढचं वाक्य मशीननं पुरं केलं: 'गुडघे दुखत असतील तर काय लावावे.'

मी वळून चपला जागेवर आहेत का ते बघितलं.

"या मास्तर," मागं न बघता नाना म्हणाले. "हिनं इचारलेलं हाय समदं."

त्यांनी 'प' दाबलं. 'पाचगणीला थंडी कधी कमी होते.' दोघांचं जायचं ठरलं होतं, राहून गेलं.

"हा घरजावईच की," मी पुटपुटलो. "तुम्ही काढला नाही?"

"तिनं काढू दिला न्हाई. म्हणायची, मी बी अशीच आले तुमच्या घरात, माझ्या बापानं लावून दिलेली. मला काढलं का?" ते थोडं हसले. "काय बी इचारायचं तर ह्येलाच इचारायची. मी माझं काय लिवलं तर तिचं खाली सरकतंय. म्हणून रोज तिचंच इचारतो."

"मग सगळीच अक्षरं बघितली असतील."

"न्हाई." त्यांचा आवाज उतरला. "डाक्टर मला एकट्याला बोलले हुते, दिवस थोडं हायेत म्हणून. मी हिला सांगितलं, अशक्तपणा हाय. शेवटपतोर तेच. तिला ठाव नसंल तर बरं झालं. पर ठाव आसंल मास्तर, तर ती एकटीच उरावर घिऊन बसली की! मला धीर द्यायला हसत बसली. म्हणून नव्या अक्षराला हात लावत न्हाई. तुमी बी लावू नका."

ते माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

आता मला सांगा, 'हात लावू नका' असं कुणी म्हटल्यावर माझ्यासारख्याचे हात कधी जागेवर राहिलेत का? वर मला वाटलं, संध्याकाळी औंधला जायचंय, एसटीची वेळ बघू. त्यात कसली बाई आणि कसलं काय! मी खुर्चीच्या मागून वाकलो आणि 'ए' दाबलं.

मशीन क्षणभर थांबलं. मग खाली ओळ उमटली: 'एका माणसापुरती आमटी कशी करावी.'

ती पुसावी म्हणून मी बटण शोधू लागलो, आणि सापडेना. मागं पाण्याचा तांब्या खाली टेकल्याचा आवाज झाला. नाना माझ्या खांद्यावरून, चष्मा वर करून, एकेक शब्द लावत वाचत होते.

"एका माणसापुरती?" ते म्हणाले. "घरात तर आमी दोघं हुतो."

बाहेरचा ऊस गप्प झाला होता. ते मान तिरकी करून तसेच उभे राहिले.

"ठाव हुतं," ते शेवटी म्हणाले. "आन तरी माझ्याच जेवणाचं बघत हुती."

मग ते पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले आणि एंटर दाबलं. कृती उघडली. त्यांनी खानावळीला फोन लावून रात्रीचा डबा नको म्हणून सांगितलं. आत फळीवरचे डबे उघडून बघितल्याचे आवाज येऊ लागले. तिसऱ्या की चौथ्या डब्यात तूरडाळ सापडली असावी. तो छातीशी धरून ते बाहेर आले, पुन्हा पडद्याकडं बघितलं आणि अडकले.

"मास्तर, हितं मूठभर डाळ म्हणत्यात," स्वतःचा भला थोरला पंजा उघडून बघत त्यांनी विचारलं. "कुणाची मूठ वं, हिची का माझी?"