गोल बसलेलं जंगल आणि हरणीचं पाडस

एका जंगलात, जिथे गवत शोधावं लागे पण सल्ला जागेवर मिळे, एक हरणी राहत होती. (पाणी प्यालात ना मुलांनो? मी आपलं विचारते.)

तिथली रीत अशी : आईनं पाडस गवतात दडवायचं, चरायला जायचं आणि अंधाराच्या आत परत यायचं. कारण अंधार पडला की बिबट्या निघे.

आपल्या हरणीला सारखी भीती वाटे. शिवाय तिच्या काही लक्षात राहत नसे. पाडस दडवून ती चार पावलं जाई, ‘नीट झाकलंय ना?’ म्हणून परत येई, जागा बदले. पुन्हा येई, पुन्हा बदले. मग वाटेत फुलपाखरू दिसे. मग शेवटची जागा कुठली, तेच आठवत नसे.

एका संध्याकाळी तेच झालं.

“माझं पिल्लू सापडत नाहीये हो!” हरणी ओरडली.

सगळं जंगल धावत आलं आणि तिच्याभोवती गोल करून बसलं.

“तू फार काळजी करतेस बाई,” साळिंदरमावशी म्हणाली. “सोडून दे.”

“काळजी? असती तर जागा विसरली असतीस का?” सांबरकाका म्हणाले.

“दोन्ही आहे हो काका. काळजी सोडली तर पिल्लूच विसरेन.”

“दोन्ही कसं असेल? काहीतरी एक सांग.”

“आमच्या वेळी नव्हती असली थेरं,” मावशी म्हणाली. “मला पाच झाली. त्यातली तीन जगलीसुद्धा!”

“मावशी, कुणी तेवढं तिकडचं गवत बघता का? अंधारतंय.”

“आधी तुझं मन,” काका म्हणाले. “गवत काय, नंतरही बघता येईल. डोळे मीट. लांब श्वास घे.”

हरणीनं डोळे मिटले. सूर्य टेकडीआड गेला. तिचा एक कान हलला.

“कान स्थिर! लक्ष कुठंय तुझं?”

लक्ष केव्हाच करवंदीच्या जाळीमागं गेलं होतं. तिथं कुणीतरी बारीकसं शिंकलं होतं. हरणी अर्ध्या श्वासातून उठली आणि धावत सुटली.

ती पाडसाला घेऊन आली, तेव्हाही सगळे बसलेलेच होते.

“बघ, श्वासाचा गुण!” काका म्हणाले.

“आभार तरी मान,” मावशी म्हणाली.

हरणीनं मानले. न मानले तर त्यांना काय वाटेल, याची तिला धास्ती होती.

तात्पर्य : पाडस शोधण्यापेक्षा त्याच्या आईला सुधारावं. त्यासाठी उठावं लागत नाही.